मागे घेतलेला चहा

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय क्रांती,

तुझा पत्ता मला बाळाबाईकडून घ्यावा लागला, यातच सगळं आलं. आपल्या वसतिगृहात स्वयंपाक करायची ती बाळाबाई. ती अजून अधूनमधून आमच्या चहाच्या दुकानात येते. तुम्हा मुलींचे विजयसिंहकाका श्रावणात गेले, हे तिनंच तुला कळवलं असणार. तू आली नाहीस याचा मला राग नाही. वाईट मात्र वाटलं, कारण आजारपणात त्यांनी तुझं नाव पुष्कळदा काढलं.

वसतिगृह का बंद पडलं, हे तुम्हा मुलींना कुणी नीट सांगितलंच नाही. बाहेर लोक म्हणत होते, विजयसिंहाच्या चहात भेसळ सापडली. खरं असं की ती कुणाला सापडली नव्हती, काकांनीच शोधली होती. आलेला चहा ते आधी तपासून घ्यायचेच, पण बाजारात गेलेली काही पाकिटंही पुन्हा तपासायला पाठवायचे. त्या हिवाळ्यात अशाच एका पाकिटात कीटकनाशक निघालं. मधला दलाल नको, पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळावा, म्हणून निलगिरीतल्या ज्या छोट्या बागायतदारांकडून ते थेट माल घेत, त्यांच्यातल्याच एकानं बाहेरचा पाला आणून मिसळला होता.

कुणाची तक्रार नव्हती. मी त्यांना म्हटलं, निदान पोरींच्या परीक्षा होईपर्यंत गप्प राहा, पुढचा माल चोख घालू. उचगावचा आपला चहाचा कारखाना चालला तरच त्याच्या पैशावर वसतिगृह चालणार, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते म्हणाले, “घराघरात बारकी पोरं बशीतनं च्या पित्यात की गं. आपल्या पोरी शिकवायला त्यास्नी ह्यो पाजू व्हय?”

आमचा चहा पिऊ नका, परत द्या, अशी जाहिरात त्यांनी स्वतः पेपरात दिली. टेम्पो घेऊन दुकानोदुकानी फिरले. भर बाजारात एका ओळखीच्या दुकानदारानं विचारलं, “इतकी वर्षं काय पाजलंसा आमास्नी?” त्यांनी त्याच्याकडचीही खोकी उचलून टेम्पोत ठेवली. त्यानंतर आमचं पाकीट कुणी हातात धरेना. ज्यांनी आपला चहा कधी तपासलाच नाही, त्यांचा विकत राहिला. त्या बागायतदारावर फिर्याद करा म्हणून मी मागे लागले होते. हे उलट त्याच्या घरी जाऊन बसून आले. त्याच्या बागेला कीड लागली होती, आणि माल कमी पडला तर आपल्याला सोडतील या धास्तीनं त्यानं ते केलं होतं. तो आपल्याला सांगायला घाबरला, याचंच काकांना जास्त लागलं.

कारखाना गेला. तिथं कामाला असलेल्या बायकांचे पगार आधी चुकते केले आणि मग वसतिगृहाला कुलूप लावलं. बाकीच्या मुली नातेवाइकांकडे राहिल्या, काहीजणी एसटीनं ये-जा करायला लागल्या. तुला न्यायला तुझे वडील आले. अकरावीची तुझी पुस्तकं बाळाबाईनं चादरीत बांधून दिली. तू आमच्याकडे बघितलं नाहीस. ते बरंच झालं. काकांना ते झेपलं नसतं.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुझं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा काका बिद्रीला तुमच्या घरी गेले होते. तू मावशीकडे होतीस. क्रांतीला आमच्या घरात ठेवून घेतो, पोटच्या मुलीसारखी शिकवतो, असं त्यांनी तुझ्या वडिलांना विनवलं. गुंडूभाऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पावणं, आज ठेवून घेशीला, उद्या परत लावून देशीला. एकदा इस्वास ठेवला की आमी. आता जेवून जावा.” काका जेवले. घरी आल्यावर मला म्हणाले, “त्याचं काय चुकलं न्हाय.”

पुढे आम्ही इथं पेठेत सुट्या चहाचं छोटं दुकान टाकलं. हळूहळू माणसं परत आली. कितीतरी मुलींच्या फिया त्यांनी गुपचूप भरल्या, पण वसतिगृहाचं नाव पुन्हा काढलं नाही. माल मागे घेतल्याचा पश्चात्ताप त्यांना कधीच झाला नाही. तुझ्या बाबतीत मात्र झाला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहिल्या, आणि मला त्यात काही करता आलं नाही. तुला डॉक्टर व्हायचं होतं; झाली असतीस की नाही, कोण जाणे. पण ते तुझं तुला ठरवता आलं असतं.

बाळाबाई सांगत होती, तुझी लेक यंदा दहावी झाली, आणि तुम्हाला गणित शिकवायचे त्या आफळे सरांसारखी गणितात तरबेज आहे. तिला पुढं शिकायचं आहे आणि घरात नको म्हणताहेत, तिच्या स्थळाचीही बोलणी निघालीत. म्हणून हे पत्र. तिला माझ्याकडे पाठव. वरची खोली रिकामी आहे, कॉलेज चालत जाण्यासारखं आहे. यानं तुझी वर्षं परत येणार नाहीत, हे मला कळतं. तुझ्या वडिलांसारखं तूही नाही म्हणालीस, तर मी समजेन. पण या वेळी दारात उभं राहून विचारायला ते नाहीत. म्हणून विचारतेय मी, आणि तिच्या आजोबांना नव्हे, तुला.

तुझीच,
संयोगिताकाकी