गाडीत कोणाला जागा

चि. सौ. चंद्रमतीस आशीर्वाद.

तिरुवैयारुला नदीकाठी महिनाभर राहायला तुझ्या नवऱ्यानं, गुरुमूर्तीनं, काल जी गाडी भरली, ती मी आज पाहिली. राज्य खालसा झालं तेव्हाही राजवाड्यातून एवढं सामान निघालं नव्हतं. तंबू, शेगडी, पाटा सगळं राहू दे. वाद घालायचं बळ आता माझ्यात नाही. पण तुझ्या सासूला त्यात बसायपुरतीच जागा आहे. तापानंतर घडीभर बसली तरी तिला भोवळ येते, आणि हे ती तुम्हांला सांगायची नाही.

म्हणून त्यातला सगळ्यांत जड आणि निरुपयोगी जिन्नस मी उतरवला आहे, म्हणजे मला. माझ्या जागी तिची गादी पसरली आहे. मी समोर असतो तर सासऱ्याला टाकून तू बैल हलू दिले नसतेस, म्हणून देवळात जाऊन बसतो. कुठल्या ते सांगत नाही; तंजावुरात देवळांना तोटा नाही.

तिला सांगा, मी मागच्या गाडीनं येतोय. मागं गाडी नाही हे तिला कळेलच, पण तोवर वेण्णार नदी ओलांडा. मग ती गाडी फिरवा म्हणेल. तिचं ऐकायचं नाही. मला ते जन्मात जमलं नाही, तुम्ही जमवा.

बाळकृष्णराव