भरपूर म्हणजे किती

४ मार्च, मंगळवार

सूनबाईने आज माझी सगळी सेटिंगं रांगेत उभी केली! एकशे अडतीस. नवीन पीटीचे मास्तर आले की पहिल्याच तासाला 'हात पुढे करा, नखं दाखवा' म्हणायचे — अगदी तसं.

पारखी या आमच्या प्रोग्रामला तिसावं वर्ष लागलं. ती मी लिहिली. इथे लिहायला हरकत नाही, ऑफिसात आता कोणी म्हणत नाही. इतरांचे प्रोग्राम ती न चालवता नुसते वाचते आणि सांगते — इथे पाय घसरेल. किती खोल वाचायचं, काय सोडून द्यायचं, कुठे हट्ट धरायचा, हे तिला सेटिंगच्या फाईलमधून सांगायचं. त्यांची नावं माझी. चिकाटी. संशय. दुर्लक्ष. मौन. कोणत्या प्रोग्राममध्ये सापडतील असली नावं? आणि त्यांच्यापुढे ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं. आकडा, शब्द, हो, नाही. पारखी घ्यायची समजून.

"समजून नाही घेत बाबा, नुसती गप्प बसते," — इति सूनबाई. तिच्या नव्या व्यवस्थेत एक नोंदवही आहे. प्रत्येक सेटिंगने तिथे आधी सांगायचं — मी आकडा घेणार, की हो-नाही, की ठरलेल्या यादीतला एक शब्द. भलतंच काही आलं की पारखी दारातच अडवणार — 'इथे आकडा हवा, तुम्ही "बरं" लिहिलंय.'

साहेब म्हणाले, "वा! हे वीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं."

वीस वर्षांपूर्वी तिथे कोण होतं? मी! आणि हेच साहेब माझ्या शेजारी स्टूल ओढून 'सर, हे कसं केलंत हो?' विचारायचे.

तिच्या नोकरीसाठी शब्द कोणी टाकला? तोही मीच. आपल्याच पायावर धोंडा, तोही निवडून आणलेला.

६ मार्च, गुरुवार

ती लॅपटॉप हातावर तोलत माझ्या टेबलाशी आली. ऑफिसात 'सर' म्हणायचं ठरलंय, तरी तोंडून 'बाबा' निघतंच.

"बाबा — सर — नमुन्याच्या फाईलमध्ये चिकाटीपुढे 'भरपूर' लिहिलंय. भरपूर म्हणजे किती?"

चिकाटी म्हणजे काय, ते तिला माहीत आहे. प्रोग्राममध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा होत राहतात. त्यांच्या मागे पारखीने किती फेऱ्या जायचं, ती चिकाटी. माझं लाडकं सेटिंग. लिफ्टच्या कंपनीतली ती जुनी चूक पारखीने चिकाटीच्या जोरावरच पकडली होती. बावीस वर्षं झाली, लोक अजून नाव काढतात. म्हणजे मी काढतो, लोक ऐकतात.

म्हटलं, "भरपूर म्हणजे भरपूर. प्रत्येक गोष्टीला आकडा कशाला लागतो तुम्हाला? आमचे मास्तर म्हणायचे, कविता मोजून होत नाही."

"हो, पण खरंच कोणी असं लिहितं का? की नुसतं नमुन्यापुरतं?"

"आठवत नाही," म्हणालो.

चक्क आठवत होतं. भरपूर म्हणजे पन्नास. आणि लिफ्टवाल्यांच्या फाईलमध्ये ते आजही आहे, मीच लिहून दिलंय. पण सांगू कशाला? एकशे सदतीस घेतलीस बाई, एक राहू दे की माझ्याकडे.

९ मार्च, रविवार

दोघी स्वयंपाकघरात चहा घेत हसत होत्या, ही आणि सूनबाई. मी गेलो तर हसणं थांबलं. "काय झालं?" विचारलं, तर ही म्हणते, "तुमचं काही नाही हो." हेच तर दुखणं आहे. हल्ली कशातच माझं काही नसतं.

या हसण्यावर कधीकाळी फक्त माझा हक्क होता. वर्गात ही पुढच्या बाकावर असायची. कविता म्हणून दाखवण्याच्या स्पर्धेत पहिला नंबर दरवर्षी हिचा, दुसरा माझा. मास्तर फळ्यावर ओळ लिहायचे, आम्ही लघु-गुरूच्या खुणा करायचो. खडूची धूळ, खिडकीतलं ऊन, आणि सगळा वर्ग एका लयीत डोलणारा. त्या लयीत मी हिला पहिल्यांदा नीट पाहिलं.

कप विसळताना सूनबाईने पुन्हा विचारलं, "बाबा, ते भरपूरचं काही आठवलं?"

"सुट्टीच्या दिवशी तरी सोड मला!"

तिने माझाही कप विसळला.

११ मार्च, मंगळवार

बातमी! येत्या मंगळवारी लिफ्टवाल्या बाई येणार. त्या कंपनीच्या मुख्य इंजिनिअर, पहिल्यापासून माझ्या ओळखीच्या. दरवर्षी त्यांना पारखी मी दाखवतो. दरवर्षी.

साहेब म्हणाले, "सर, यंदा सूनबाईंना करू दे. तुम्ही बसा ना आरामात, पुढच्या रांगेत."

पुढच्या रांगेत! म्हणजे हारासकट फोटो भिंतीवर लावायचा, तो तूर्त खुर्चीत ठेवायचा.

घरी येताना लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या गृहस्थांना सांगितलं, "ही लिफ्ट माझ्या पारखीने तपासलेली आहे बरं का." ते म्हणाले, "मागच्या महिन्यातही सांगितलंत." सांगितलं असेन. त्याच कंपनीची लिफ्ट आहे. पाचव्या मजल्यावर घर घेताना मी तेवढं एकच बघितलं होतं. हिचे गुडघे तेव्हाही कुरकुरायचे.

एक ओळ सुचली. पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवली.

नवी सून आली, जुना मी निघालो

भुजंगप्रयात. बारा अक्षरं, कुठे तसूभर ढळलं नाही.

१२ मार्च, बुधवार

एक विचार आला. चांगला नाही. पण रोजनिशीला काय लपवायचं?

मी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती नोंदवहीत चिकाटीपुढे 'आकडा' लिहून मोकळी झाली असणार. लिफ्टवाल्यांच्या फाईलमध्ये 'भरपूर' आहे हे तिला कुठे ठाऊक? मंगळवारी बाईंसमोर मी सहज म्हणायचं, "तुमची पहिली फाईल लावून बघू या, गंमत म्हणून." पारखी दारातच हात आडवा घालेल. ग्राहकाची बावीस वर्षांची फाईल नाकारली! सूनबाई गोंधळेल. मग मी उठायचं, सावकाश —

पुढचं दिवसभर मनात घोळवलं. वयाला शोभत नाही, पण गोड लागलं.

१५ मार्च, शनिवार

हिला ते पाकीट सापडलं. वाचलं. मग म्हणाली, "वा. बारा अक्षरं मोजून बसवलीत. आणि तिला सांगता, मोजून होत नाही?"

"मास्तरच म्हणायचे ते!"

"अर्धंच आठवतंय सोयीनं. 'मोजून होत नाही, पण मोजल्याशिवायही होत नाही.' मी पुढच्या बाकावर होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात."

मी खिडकीतून बाहेर बघत नव्हतो. पण हे आता पन्नास-पंचावन्न वर्षांनी काय सांगायचं.

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं मी. "पहिली फाईल लावून बघा." अगदी सहज, ठरवलं होतं तसं. लिफ्टवाल्या बाई हसल्या — "अय्या, ती अजून आहे?"

सूनबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. फाईल लावली.

मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायच्या बेतात.

पारखीने दारात अडवलं नाही! मुकाट्याने फाईल घेतली, वाचली, अकरा मिनिटांत काम उरकलं. नेहमीसारखं. दोष शून्य. बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. मलाही वाजवाव्या लागल्या.

"जुनं काही तुटलं नाही, आणि नवं आलं. सुरेख!" असं म्हणाल्या बाई. तिला. दारापर्यंत तिच्याच खांद्यावर हात ठेवून गेल्या. माझ्याशी बोलल्या ते एवढंच — "तब्येत काय म्हणतेय?"

तब्येत जळफळतेय, बाई.

१९ मार्च, बुधवार

अडवलं का नाही? या एका प्रश्नाने स्वस्थता दिली नाही. सगळे जेवायला गेल्यावर तिची नोंदवही उघडली. चोरासारखी. उघडायला मनाई नाही, तरी चोरासारखीच.

चिकाटी. खाली लिहिलेलं तसंच उतरवतो.

'आकडा घेते. जुन्या फायलींसाठी शब्दही चालतो. भरपूर = ३.'

तीन! डोकं भणभणलं. पन्नासाचे तीन केले पोरीने! आता तिला साहेबांसमोर उभी करतो, असं म्हणत पुढे वाचलं —

'जुना कोड शब्द ओळखतच नाही. आकडा नसेल तर ३ धरतो. तूर्त तेच ठेवलं आहे. मूळ हेतू हाच होता का? बाबांना विचारलं, ६ मार्च. बाबांना पुन्हा विचारलं, ९ मार्च. उत्तर यायचं आहे.'

'खोटं!' म्हणत माझा जुना कोड काढला. माझ्याच हातचा. शब्दांचे आकडे करायची जागा सापडली. तिथे रिकामं आहे. फक्त माझी एक टीप — 'थोडी, बरी, भरपूर यांचे आकडे उद्या लिहायचे.'

तो उद्या उजाडलाच नाही. मी दुसऱ्याच कशात रमलो असेन. नावं ठेवण्यात, बहुतेक.

म्हणजे बावीस वर्षं पारखी तीन फेऱ्या मारून परत येत होती. आणि मी चारचौघांत सांगत होतो — बघा, एवढी चिकाटी, तरी अकरा मिनिटांत! ती प्रसिद्ध चूकही तिला दुसऱ्याच फेरीत मिळाली असणार.

सूनबाईला हे सहा तारखेपासून माहीत होतं. मी मास्तरांच्या गोष्टी सांगत बसलो, आणि तिने काल सगळ्यांसमोर माझं झाकून ठेवलं. हे जास्त झोंबलं. हरलो असतो तर परवडलं असतं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी वाटलं, तिनाचे पन्नास करून टाकावेत. एक बोट हलवायचं काम. कोणाला कळतंय? नोंदवहीतली ती ओळ पुसली की झालं.

बोट ठेवलंही होतं. मग म्हटलं, बदलायचं तर आधी एकदा चालवून तरी बघू. लिफ्टवाल्यांचा प्रोग्राम लावला. चिकाटी = ५०. सव्वादहाला सुरू केला. अकरा मिनिटं झाली, तास झाला, जेवणाची सुट्टी झाली. मी जागचा उठलो नाही. जन्मात पहिल्यांदा पारखी खरोखर काम करताना बघत होतो.

तीन वाजता थांबली. दोष — एक.

लिफ्टचं दार सलग बत्तीस वेळा अडलं, की मोजणी उलटून शून्यावर येते. आणि त्या प्रोग्राममध्ये शून्याचा अर्थ 'दार बंद'. दार सताड उघडं, आणि लिफ्ट निघाली.

दोनदा वाचलं. सामान चढवताना दार पायाने अडवून धरणारी माणसं डोळ्यांसमोर आली. आमच्याच तळमजल्यावर बदली होऊन येणारी बिऱ्हाडं.

उठलो. सगळ्या ऑफिससमोर हाक मारली — "सूनबाई!" सगळ्यांनी माना वर केल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले. ती धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

"तू विचारलं होतंस ना, भरपूर म्हणजे किती?"

"हो बाबा."

"तीन. बावीस वर्षं तीन. मला पन्नास हवे होते, आणि मी लिहिले नाहीत. तुलाही सांगितलं नाही, मुद्दाम. हे वाच, आणि आधी लिफ्टवाल्या बाईंना फोन लाव."

तिने वाचलं. चेहरा उतरला. फोन उचलता उचलता दुसऱ्या हाताने माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

२१ मार्च, शुक्रवार

त्या कंपनीच्या सगळ्या लिफ्ट आज सकाळपासून बंद. आमचीही. हिला कारण सांगितलं, सगळं, पाकिटावरच्या ओळीपर्यंत. ही माझा हात धरून जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावर गुडघा धरून पायरीवर बसली.

"अजून किती हो?"

"चव्वेचाळीस पायऱ्या," म्हटलं. "सकाळी मोजून आलोय."