दोनदा भाजलेली

आई, बिस्किट या शब्दाचा अर्थ तुला सांगायचा राहूनच गेला. तो मला सिस्टरनी शिकवला, गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटात. लॅटिनमधून फ्रेंचात आणि तिथून इंग्रजीत आलेला शब्द. अर्थ एवढाच, दोनदा भाजलेलं. पूर्वी जहाजावर न्यायचा पाव एकदा भाजून पुन्हा भट्टीत वाळवायचे, म्हणजे तो महिनोन्‌महिने टिकायचा. आता बिस्किटं एकदाच भाजतात, नाव तेवढं मागे राहिलं. हे सांगून सिस्टरनी वर्गाला विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही करतात का?" मी मान खाली घालून बसले.

कारण मला आपलं नौबादचं स्वयंपाकघर दिसत होतं. तू तव्यावरून ज्वारीची पातळ भाकर उतरवतेस आणि चुलीच्या वैलाशी, निखाऱ्यांच्या धगीला उभी करून ठेवतेस, पापडासारखी कडक होईपर्यंत. सुट्टी संपली की त्या भाकरींची चवड फडक्यात बांधून माझ्या ट्रंकेत ठेवतेस. "ही शिस्टरची. तुज्या वाट्याची न्हाई, आधीच सांगायले. पोरीला इंग्रजी शिकवायल्यात, त्यायला आपल्या घरचं काय तरी जायला पायजे."

पहिल्या खेपेला मी सिस्टरच्या दारापर्यंत गेले होते गं. टेबलावर कुणा मुलीच्या घरून आलेला केक होता, वर लाल चेरी. मी फडकं पाठीमागे धरलं, "गुड इव्हनिंग" म्हटलं आणि परत फिरले. पुढच्या सुट्टीत तू मला उंबऱ्यातच अडवलंस, "आवडली का त्यायला?"

"व्हय. कुडुमकुडुम वाजते म्हणाल्या. तीळ लावलेली जास्त आवडली."

"म्हंजे दात हायत की शिस्टरला!" पदर तोंडाला लावून तू किती हसलीस. त्यानंतर दर खेपेला चवड वाढत गेली, आणि प्रत्येक भाकरीला तीळ. घरातल्यांच्या भाकरीला तू ते कधी लावले नाहीस.

शेवटच्या आजारपणात तुला काही चावेना. मी चहात बिस्किट बुडवून तुला भरवत होते. तू म्हणालीस, "भल्या बाई होत्या शिस्टर. माजी भाकर गोड मानून घेतली." तेव्हा सांगता आलं असतं. मी बशी पुसत राहिले.

आता कडक भाकर दुकानात पाकिटात मिळते. काल एक आणलं, तिळाचं. ती चहात बुडवताना तुझ्याशी हे बोलावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. पाठवणार कुठे? डब्यात भाकरींच्या खाली ठेवून देईन.

सिस्टरनी तुझी भाकर कधी पाहिलीसुद्धा नाही, आई. ती मीच खायचे, हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीमागे बसून, कुणाला तुकडाही न देता. तीळ लावलेली जास्त आवडली होती, ती मला.