पळपुटा बगळा

११ सप्टेंबर १९९०
पोटमाळा पुन्हा उपसला. नाही सापडला! ट्रंका, कोळशाची पेटी, आईच्या शिवणयंत्राचा खण — कुठेच नाही. तीन ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक होणार आणि नगरपालिकेवर गावाचा जुना झेंडा लावायचाय. तो लपवलाय बाबांनी. कुठे, ते त्यांनाच ठाऊक. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द उरलाय — "नाही." पाणी हवं? "नाही." आणि पितात घटाघटा!

१४ सप्टेंबर
पावाच्या दुकानात रांगेत होते. मागून कुणीतरी, मला ऐकू येईल अशा बेताने — "कसला सापडतोय! म्हाताऱ्याने कधीच पलीकडे विकला. नाहीतर ह्यांच्या घरी पश्चिमेची कॉफी कुठून यायची?"
कॉफी पश्चिमेतली आत्या पाठवायची! बावन्न साली सरकारचा हुकूम आला, गावांचे जुने झेंडे जमा करा. बाबा नगरपालिकेत शिपाई. दिला नाही. आठ महिने तुरुंगात काढले, पण जागा सांगितली नाही. आणि हे लोक! पाव न घेताच घरी आले.

१५ सप्टेंबर
झेंडा आईने शिवलेला. निळा-पांढरा, मधोमध ढालीवर गावाचा बगळा. त्याचं तोंड काठीकडे हवं. आईने उलटा शिवला! काठीकडे पाठ म्हणजे रणातून पळालेला, असं मानतात. सगळं गाव हसलं — "हेडविगचा पळपुटा बगळा!" आई आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती म्हणे. बाबांनी मात्र तोच चढवला, दर सणाला.

२० सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, "फार दिवस धरून चालू नका." म्हणजे बाबा चोर म्हणूनच जाणार. देवा, एक कोपरा तरी सापडू दे!

२४ सप्टेंबर
शेजारच्या इल्झेमावशी आल्या. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिला शेवटचे कपडे त्यांनीच घातले होते. मी म्हटलं, सगळं घर पालथं घातलं. मावशींनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "इर्मा, अगं, शवपेटीत तिच्या डोक्याखाली जी उशी होती ना... मी बदलायला गेले तर तुझे बाबा अंगावर धावून आले. एका बाजूला उसवली होती. आतून निळं दिसत होतं गं."
उद्याच नगराध्यक्षांना सांगते.

२५ सप्टेंबर
नगराध्यक्ष म्हणाले, "तू फक्त ह्या अर्जावर सही कर. कबर उघडू, झेंडा गावासमोर धरू. तोंडं बंद होतील सगळ्यांची."
सही केली. आईला उकरायचं! पण मग बाबांचं काय? काय करू? अर्ज घरी घेऊन आले, उद्या देते म्हटलं.

२६ सप्टेंबर
बाबांना विचारलं, "बगळा आईजवळ आहे ना?"
"नाही."
"वर काढू?"
"नाही."
"राहू दे तिथेच?"
ह्या वेळी "नाही" आलं नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.
अर्ज चुलीत टाकला. उद्या पाव आणायला जायचंय.