किनारीचा लाल दोरा

आबा, आज लिहायला बसले आहे ते तुमची आठवण आली म्हणून नाही. तुमच्यापासून तोंड लपवायला जागा उरली नाही म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला नुकती लागले होते. आता त्याच कंपनीत सरकारी टेंडरं भरते. कागद कसे लावायचे, शिक्के कुठे हवेत आणि दुसऱ्याच्या कागदात खोट कुठे सापडते, हे मला झोपेतही सांगता येतं. शेठ चारचौघांत कौतुक करतात आणि मी फुगते.

कडोदऱ्याच्या कारखान्यातली ती सुट्टी तुम्हाला आठवते का? दहावीची परीक्षा देऊन मी तुमच्याकडे कापडाच्या ताक्यांना घड्या घालायला यायचे. मागांच्या खडखडाटात तुम्ही बोलायचात कमी. विणताना तार तुटून दोष राहिला की तुम्ही आणि शेजारच्या मागावरचे काका त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचात, म्हणजे घेणाऱ्याला दोष शोधत बसावं लागू नये. एकदा व्यापारी येणार म्हणून मी शहाणपणा केला. कात्री घेतली आणि सगळे दोरे छाटून ताके कसे छान साफ केले. तुम्ही माग बंद केलात. "काय करी राहिनी तू? तार तुटनी ते तुटनी, लपाडानं काबर? घेनाराले कळाले पाहिजे." आवाज चढवला नाहीत, पण दुपारभर मला ते ताके उलगडून बोटांनी एकेक दोष पुन्हा शोधायला लावलंत. काकांनी हसत हसत त्यांच्या डब्यातली मिरचीची चटणी पुढे केली.

पुढे माझ्या लग्नात तुम्ही स्वतः विणलेली चादर दिलीत. तिच्याही किनारीला लाल दोरा! सासूबाईंनी विचारलं, हे काय? तुम्ही भर मांडवात सांगितलंत, "एक तार तुटेल शे, म्हनीसन बांधा." लग्नाच्या चादरीत तुटकी तार, हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेव्हाही लाज वाटली ती चुकीच्याच गोष्टीची.

गेल्या महिन्यात सरकारी वसतिगृहांच्या चादरींचं टेंडर निघालं. शेवटी दोघंच उरलो, आम्ही आणि नवागामची एक लहानशी कारागीर मंडळी. त्यांचा भाव आमच्याहून कमी आणि कापड आमच्याहून सरस, हे कचेरीत त्यांचा नमुना हातात घेताच मला कळलं. शेठ म्हणाले, "बेन, कंईक तो शोधी काढो." मी खोट शोधायला बसले. नमुन्याच्या किनारीला लाल दोरा होता. मी तिथून आत बोट फिरवलं, तर तुटलेली तार लागली. म्हणजे दोरा कसला आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आबा. तरीही मी हरकत लिहिली, की नमुन्यावर ओळखखूण नसावी अशी अट आहे, आणि माल कोणाचा हे तपासणाऱ्याला कळावं म्हणूनच हा दोरा बांधलेला आहे. भाषा अगदी चोख होती.

सुनावणीला त्यांच्याकडून आले ते तुमच्या शेजारच्या मागावरचे काका. पाठ वाकली आहे, हसणं तेच. वस्तीतले जुने कारागीर गोळा करून ती मंडळी त्यांनीच उभी केली आहे, आणि हे काम गेलं तर त्यांचे माग भंगारात जाणार, हे त्यांनी आल्या आल्या सुनावणी घेणाऱ्या साहेबांना सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, वो निशानी नहीं है. वहां एक तार टूटा है, इसलिए बांधा. हम लोग हमेशा बांधते हैं." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, आप भी कपड़े की लाइन में हो. ऐसा रिवाज है क्या?"

"नहीं सर," मी म्हणाले, "मैंने तो कभी नहीं देखा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाची मुलगी, एवढं जरी ते बोलले असते तरी मी उघडी पडले असते. त्यांचा नमुना बाद झाला, काम आम्हाला मिळालं. जिन्यात मी मान खाली घालून सटकत होते, तर मागून आवाज आला, "तुनी माय कशी शे व, बेटा?" बरी आहे, म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काकांनी अपील केलं आहे. सोमवारी सुनावणी आहे. दाखवायला त्यांच्याकडे काही नाही, कारण असल्या दोऱ्याचं कोण लिहून ठेवतं? ते जुने कारखाने बंद पडले, ताके केव्हाच विकले गेले. दाखवण्याजोगी वस्तू एकच होती, माझ्या कपाटातली तुमची चादर. त्या दिवशी सुनावणीहून घरी आले आणि चपलाही न काढता मी तिचा दोरा कापला. कोणी बघायला येणार नव्हतं. तरी कापला.

हे पत्र घडी करून त्या चादरीतच ठेवीन. आज सकाळपासून तोच दोरा परत बांधायला बघते आहे. बोटाला तार लागते, जागा सापडते, पण तुमची गाठ मला येत नाही. सोमवारी खरं सांगायला चादर लागत नाही, तोंड पुरतं, हे मला कळतं, आबा. तरी मी गाठच मारत बसले आहे.