कांतानं गोड सोडलं

१२ मे, सोमवार. मानवत
बुद्ध पौर्णिमा. वंदना झाल्यावर विहारात खीर वाटली. कांतानं वाटी घेतली आणि शेजारणीच्या नातीपुढं सरकवली. "पोट जड हाय." घरी येऊन मात्र दोन भाकरी. काहीतरी लपवते बायको.

१४ मे
मुद्दाम बालुशाही आणली. सुजाता, आमची लेक, बाळंतपणाला आलीय, तिनं खाल्ली. कांतानं हात लावला नाही. चहाही बिनसाखरेचा. साखरेचा आजार असेल? असला तर बरा, असं मनात आलं. लाज वाटली, पण आलं. दुसरी शंका वाईट आहे. नवस फिटेपर्यंत गोड सोडायचं, ही तिच्या आजीची रीत. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला. रीत गेली नसावी. सुजाताची आधीची दोन पोटातच गेली, तेव्हापासून कांता गप्पगप्प असते.

१६ मे
मोंढ्यात शब्बीरभाई भेटले. "वहिनी हर जुमेरातीला दर्ग्यात दिसायल्यात, सर. बेटीला बरं हाय ना?" माहीत असल्यासारखा हसलो. मला सांगते, गुरुवारी महिला मंडळ असतं म्हणून! आणि विहारात २५ तारखेला माझं भाषण ठरलंय, विषय: तपासल्याशिवाय काही मानू नका. कमिटीला कळलं तर तोंड कुठं लपवू?

२२ मे, गुरुवार
तिच्या मागं गेलो. माझीच मला किळस आली. दर्ग्याच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसलेली. हात जोडलेले नाहीत, ओठ हलत नाहीत. नुसती बसलेली. मागं फिरणार, तोच मुजावरनं माझ्या तळहातावर साखर ठेवली. टाकवेना, खाववेना. तशीच मूठ मिटून घरी आलो.

२५ मे, रविवार. परभणी
सुजाताला मुलगी झाली. सिझेरियन. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या जिन्यात रडलो. भाषण राहिलं. कांताला पेढा दिला, नको म्हणाली. मग विचारलंच.
"मलिदा चढविल्याबिगर न्हाई. अन् सुजाताच्या बापानं संगं यायचंय, असं बोललेय म्या."
"डॉक्टरनं वाचवलं ना?"
"मग! मी कुठं न्हाई म्हणायले?"
"म्हणजे तू हे मानतेस?"
"मानायचं ते मला कळत न्हाई. शब्द दिलाय."
"कोणाला?"
"जो ऐकत आसंल त्याला."

२८ मे, बुधवार. मानवत
उद्या जायचं म्हणते. गूळ, तूप काढून ठेवलंय. "तुमी हात नका जोडू. निस्तं संगं चला." अजून उत्तर दिलं नाही. दीक्षेचा शब्द माझ्या वडिलांनी दिला, तो मी जन्मभर पाळला. तिचा शब्द तिनं स्वतः दिलाय.
मोड म्हणावं, तर अधिकार आहे माझा. पण तिनं मोडला आणि पुढं कधी बाळाला साधा ताप आला तर? डॉक्टरला फोन करीन, हे नक्की. फोन लावायच्या आधी माझ्या मनात काय येईल, हे मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही.