मासेमारी आणि माझे पथ्य

१ फेब्रुवारी १९८७, रविवार
मुकुंदवाडीत खोली घेऊन आठ महिने झाले. खोलीवर आलेली माणसे : विजेचे मीटर बघणारा, एक. संकल्प : उन्हाळ्याच्या आत एक जिवाभावाचा मित्र.
कारखान्यातला पुंजाराम म्हणाला, रविवारी हर्सूलच्या तलावावर ये, गळ टाकून बसलं की माणूस एकटा राहत नाय. गेलो. तिथे युसूफभाई भेटले. पन्नाशीचे, शहागंजात सायकलचे दुकान. त्यांनी स्वतःची जादा काठी दिली, गळाला कणकेचा गोळा कसा लावायचा ते दाखवले. मासा लागला नाही. पण चार तास शेजारी माणूस होता.

८ फेब्रुवारी
युसूफभाई म्हणाले, घड्याळाकडं काय बघतो भाऊ, मच्छीला काय ड्यूटी असती का? सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा. त्यांनी आईची तब्येत विचारली. सविस्तर सांगितली. निष्कर्ष : मैत्री झाली.

१५ फेब्रुवारी
पहिला मासा! रोहू, वीतभर. इथला रिवाज असा की नव्या माणसाचा पहिला मासा काठावरच शिजवायचा आणि सगळ्यांनी एका ताटात खायचा. युसूफभाईंनी तीन दगडांवर पातेले ठेवले. मसाला आणि रोट्या त्यांच्या घरून, जैतुनबी भाभींच्या हातच्या. मला हाक मारली. मी म्हणालो, आम्ही माळकरी. युसूफभाई हळहळले, अरे भाऊ, पहले बोलना था ना.
खोटे बोललो नाही. वडील माळकरी आहेत.

२२ फेब्रुवारी
भाभींनी माझ्यासाठी वांग्याचे भरीत पाठवले. कोऱ्या डब्यात, वेगळे. मी म्हणालो, पोट बिघडलंय. खरोखर बिघडले होते, डबा उघडल्यावर. भरीत पुंजारामने खाल्ले.
जातीधर्माचा प्रश्नच नाही. मी तसला माणूस नाही. प्रश्न पोटाचा आहे.

१ मार्च
पुन्हा डबा. एकादशी आहे म्हणालो. पुंजाराम म्हणाला, एकादशी तर मंगळवारीच झाली की. मी म्हणालो, आमच्याकडे पंचांग वेगळे. युसूफभाईंनी डब्याचे झाकण लावले. फार समंजस माणूस.

७ मार्च, शनिवार
पुंजारामकडे जेवण. त्याच्या बायकोने, सारजाबाईने, मरळीचा रस्सा केला होता. दोन तुकडे खाल्ले, मग मागून एक. माळ मी स्वतः घातलेली नाही, त्यामुळे हरकत नाही.
पोट उत्तम.

८ मार्च
पुंजारामला कुठे काय बोलावे कळत नाही. तलावावर सगळ्यांदेखत म्हणाला, ह्या गड्यानं काल आमच्याकडं मरळ अशी हाणली, काटेसुद्धा चोखले! सगळे हसले. युसूफभाईसुद्धा, पण कमी. मग पाण्याकडे बघत बसले. मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय, ताकदीसाठी. कोणी विचारले नव्हते.
निघताना काठी परत देऊ लागलो. म्हणाले, राहू दे भाऊ, तुझ्या हातात बसली आता.
म्हणजे गैरसमज काही झालेला नाही.

१५ मार्च
युसूफभाई आणि मंडळी समोरच्या काठावर बसली होती. पुंजारामही तिकडेच. बहुधा तिकडे मासे जास्त असावेत. मी हात केला. त्यांनीही केला.
संकल्प : पुढच्या रविवारी भाभींच्या डब्यातला एक घास खायचा. निदान अर्धा. तयारी म्हणून खोलीवर भरीत करून पाहिले. करपले.

२२ मार्च
बाराच्या सुमारास स्वतःहून समोरच्या काठावर गेलो. जेवणे चालली होती. युसूफभाई सरकले, म्हणाले, बस भाऊ. बसलो. मनाची पूर्ण तयारी होती. पण कोणी खा म्हटले नाही. माझ्यापुरता डबा नव्हता. पाणीसुद्धा विचारले नाही. बहुधा माझ्याच सोयीसाठी. दहा मिनिटांनी उठलो. ये हां भाऊ, म्हणाले.

२९ मार्च
सकाळी सात वाजता माझ्या जागेवर. अकराच्या सुमारास एक नवा माणूस आला. माझ्याच वयाचा. नवी काठी, गळ बांधता येत नव्हता. माझ्या शेजारच्या दगडाकडे बोट करून त्याने विचारले, इथं कोणी बसतंय का?
मी म्हणालो, व्हय. युसूफभाई. येतीलच.
तो वळसा घालून समोर गेला. युसूफभाईंनी त्याला शेजारी बसवले, गोळा कसा लावायचा ते दाखवले. मी बारकाईने पाहिले. पद्धत तीच.
सहा वाजेपर्यंत जागा राखली.